संकलन : चित्रपटातील न दिसणारी कला

‘शोले’ हा चित्रपट आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला असेल. १५ ऑगस्ट १९७५ रोजी तो प्रदर्शित झाला, तेव्हा ज्यांनी तो चित्रगृहात रांग लावून पाहिला ते आज आजी-आजोबा झाले आहेत. आणि ज्यांनी तो घरच्या दूरदर्शन-संचावर पाहिला ती त्यांची नातवंडे आमच्या वर्गांत बसतात. संवाद मात्र दोन्ही पिढ्यांस सारखेच पाठ! मागील वर्षी एका मोकळ्या तासाला आम्ही नववीच्या वर्गात सहज विचारले, “गब्बरचे काम कोणी केले?” सगळे हात वर झाले. “संगीत कोणाचे?” निम्मे हात राहिले. “पटकथा कोणी लिहिली?” येथे इंदूरकरांस विशेष अभिमान असतो, कारण सलीम-जावेद या जोडीतील सलीम खान हे आपल्याच गावचे, तेव्हा तेही उत्तर आले. “आणि संकलन कोणी केले?” वर्ग स्तब्ध झाला. घरी विचारून या, असे सांगितले, तर दुसऱ्या दिवशीही सारे रिकाम्या हाताने परतले.

ते नाव माधव शिंदे. पडद्यावर ते ‘एम. एस. शिंदे’ असे येते आणि वाचून होण्याच्या आतच निघून जाते. फिल्मफेअरची पारितोषिके जाहीर झाली त्या वर्षी ‘शोले’स एकच पारितोषिक मिळाले, आणि ते संकलनाचे होते. नटांना नाही, लेखकांना नाही, संगीतकारासही नाही. या मराठी माणसाला मिळाले. शिंदे उतारवयात मुंबईस धारावीतील एका लहानशा घरात राहत असत. २०१२ मध्ये ते वारले. आम्ही हे करुणा उत्पन्न करण्यासाठी सांगत नाही. ज्याचे काम उत्तम साधले म्हणजे दिसेनासे होते, त्या कारागिराचे नाव लोकांच्या ध्यानात कसे राहावे, हा प्रश्न आम्हांस खरोखरीच पडला आहे, म्हणून सांगतो.

संकलन म्हणजे काय, ते आधी पाहू. चित्रपटाचे प्रसंग कथेच्या क्रमाने चित्रित होत नाहीत. शेवटचा प्रसंग पहिल्या दिवशी, मधला सहा महिन्यांनी, असे चालते. एकच प्रसंग दुरून, जवळून, निरनिराळ्या बाजूंनी पुनःपुन्हा टिपलेला असतो. अशा शेकडो तुकड्यांतून कोणता घ्यावा, कोठे सुरू करावा, कोठे तोडावा आणि कोणत्या तुकड्याशेजारी ठेवावा, हे ठरविण्याचे काम संकलकाचे. ‘संकलन’ हा शब्द आम्हांस नेहमी अर्धवट वाटत आला आहे. त्यात गोळा करण्याचा अर्थ आहे, टाकून देण्याचा नाही. आपल्या घरातील ‘निवडणे’ हा शब्द अधिक बरा. आजी तांदूळ निवडते तेव्हा खडे टाकते. संकलकाला मात्र पुष्कळदा चांगला तांदूळही टाकावा लागतो. फरक असलाच तर एवढाच.

किती टाकावा लागतो, याचा हिशेब सोपा आहे. ३५ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मच्या एका फुटावर १६ चित्रे बसतात आणि पडद्यावरून एका सेकंदात २४ चित्रे सरकतात. म्हणजे एका मिनिटाला ९० फूट फिल्म लागते. ‘शोले’च्या वेळी सुमारे ३ लाख फूट फिल्म चित्रित झाली होती, असे सांगतात. गणिताच्या वहीत भागाकार करून पाहा; सुमारे ५५ तास होतात. त्यातून सव्वातीन तासांच्या आसपासचा चित्रपट निघाला. प्रेक्षकाने जे पाहिले त्याच्या पंधरा-सोळा पट माल शिंद्यांच्या खोलीत राहिला.

आता त्या चित्रपटातीलच एक जागा घेऊ. रामगढचा तरुण अहमद (हे काम सचिन पिळगांवकरांनी केले आहे) गावाबाहेर पडतो आणि गब्बरच्या हाती सापडतो. गब्बर खडकावर आरामात पहुडला आहे. त्याच्या हातावरून एक मुंगळा चालला आहे. तो त्याच्याकडे पाहतो आणि थाप मारून त्याला चिरडतो. यानंतर आपल्याला दिसतो तो घोडा, अहमदचे प्रेत पाठीवर घेऊन गावात शिरणारा. मधले काहीच नाही. मारहाण नाही, रक्त नाही, किंकाळी नाही. तरीही त्या मुलाचे काय झाले हे पाहणाऱ्यास कळते, आणि एखाद्याला विचारावे तर तो खून आपण पाहिला असेच तो सांगेल. आमच्या वर्गातील तिघांनी तसे सांगितलेही. एकाने तर शस्त्र कोणते होते तेही सांगितले!

दुसरी जागा ठाकूरच्या कुटुंबाची. लहान मुलावर बंदूक रोखली जाते, आवाज होतो आणि त्याच क्षणी पडद्यावर आगगाडी येते, जिच्यातून बिचारा ठाकूर सुटीवर घरी येत आहे. गोळी लागलेली दाखविली असती तर आपण डोळे मिटून घेतले असते. गाडी दाखविल्यामुळे डोळे उघडे राहतात, आणि ठाकूरला जे अजून ठाऊक नाही ते आपल्याला ठाऊक असल्याने त्याचे हसतमुखाने उतरणे पाहवत नाही. दोन तुकड्यांच्या सांध्यात जी जागा आहे ती प्रेक्षकाच्या मनाने भरावयाची असते. ती जागा नेमकी कोठे सोडावी, एवढ्यासाठी संकलक रात्रीच्या रात्री जागतो.

ही गोष्ट प्रयोगाने सिद्ध करून शिकविण्याचा पहिला मान रशियातील लेव कुलेशोव याच्याकडे जातो. १९१९ मध्ये मॉस्कोत चित्रपटविद्येची सरकारी शाळा निघाली. क्रांतीनंतरचा काळ, कोरी फिल्म मिळण्याची मारामार. तेव्हा कुलेशोवने आपल्या विद्यार्थ्यांस जुन्या चित्रपटांच्या फिती कापून नव्याने जुळविण्यास लावले. त्याचा प्रसिद्ध प्रयोग असा की, मोझुखिन नावाच्या नटाचा एकच निर्विकार चेहरा घ्यावयाचा आणि त्याच्याशेजारी एकदा रश्श्याची वाटी, एकदा शवपेटीतील स्त्री आणि एकदा खेळणारी लहान मुलगी दाखवावयाची. त्याचा शिष्य पुडोवकिन याने पुढे लिहून ठेवले की, प्रेक्षकांनी नटाच्या अभिनयाची फार वाखाणणी केली. भूक किती छान दाखविली, दुःख किती खोल, वात्सल्य किती कोमल! चेहरा मात्र तिन्ही वेळा तोच होता. टंचाईतून निघालेला हा धडा आज जगातील प्रत्येक चित्रपट-शाळेत शिकवितात.

आपल्याकडे या शिक्षणाचा आरंभ घरातच झाला, असे म्हटल्यास चालेल. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात प्रदर्शित झाला. त्यापूर्वी १९१२ मध्ये त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपून एक चिमुकला चित्रपट केला होता. अनेक दिवसांत घडणारी वाढ त्यांनी पाहणाऱ्यास काही क्षणांत दाखविली. वेळ आखडता येतो, ही संकलनाची गुरुकिल्ली त्यांस पहिल्याच पावलाला सापडली होती. त्या वेळी फिल्मच्या कडांना भोके पाडण्याचे कामही घरीच करावे लागे, आणि सरस्वतीबाई फाळके ते रात्री बसून करीत. पुढे १९१७ मध्ये फाळक्यांनी चित्रपट कसे तयार होतात हेच दाखविणारी एक फीत काढली, आणि तीत ते स्वतः काम करताना दिसतात. आपले गुपित कुलूपबंद न ठेवता ते पडद्यावरच मांडणारा हा माणूस आम्हांस शिक्षक म्हणून फार जवळचा वाटतो.

यानंतर कंपन्या आल्या आणि शिक्षण उमेदवारीचे झाले. १९२९ मध्ये कोल्हापुरास स्थापन झालेली आणि १९३३ मध्ये पुण्यास आलेली ‘प्रभात’ यांत अग्रेसर. ‘संत तुकाराम’ (१९३६) सर्वांस ठाऊक आहे; त्याचे संकलक ए. आर. शेख कोणास ठाऊक असतात? ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) या गाजलेल्या चित्रपटाचे दिग्दर्शक अनंत माने हेही मूळचे प्रभातच्या संकलन-विभागातले. उमेदवारीच्या त्या काळी संकलनाच्या खोलीत शिरलेल्या मुलाच्या हाती कोणी लगेच कात्री देत नसे. आधी फितींना क्रमांक घालावयाचे, त्या खुंट्यांना टांगावयाच्या, खाली कापड लावलेल्या पेटीत त्यांची टोके मळू नयेत म्हणून जपावयाचे. मग आवाजाची फीत आणि चित्राची फीत, क्लॅप मिटण्याच्या नेमक्या चित्रावर, एकमेकींशी जुळवावयाच्या. हे वर्ष-दोन वर्षे. या अवधीत कानांवर आणि डोळ्यांवर उस्तादाचे सारे निर्णय पडत असत. हा तुकडा का काढला, तो चार चित्रांनी का आखडला, हे कोणी समजावून सांगितले नाही तरी समजत असे.

तोडण्यापूर्वी विचार करण्याची सक्तीच होती. दोन तुकडे सांधावयाचे तर एका टोकावरील रसायनाचा थर खरवडून काढावयाचा, त्यावर सिमेंट म्हणतात ते द्रावण लावावयाचे आणि दाबून धरावयाचे. सांधा चुकला तर तो सोडविताना एखाद-दुसरे चित्र कायमचे जाई. आज संगणकावर एक कळ दाबली की केलेले सारे पूर्ववत होते. ही सोय मोठी आहे, यात शंका नाही. परंतु नवशिक्यास ती थोडी घातकही आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. चूक करण्यास काही पडत नसले म्हणजे माणूस विचार पुढे ढकलतो.

१९६० मध्ये भारत सरकारने पुण्यास प्रभातच्याच जागेत चित्रपट-शिक्षणाची संस्था काढली आणि दिग्दर्शन, छायाचित्रण यांच्या बरोबरीने संकलन हा स्वतंत्र अभ्यासविषय झाला. १९६४ मध्ये पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले. त्यामुळे विद्यार्थ्यांस देशोदेशींचे चित्रपट पुनःपुन्हा पाहण्याची सोय झाली. या संस्थेतून बाहेर पडलेल्या रेणू सलुजा यांचे नाव येथे घेतलेच पाहिजे. ‘अर्धसत्य’ आणि ‘जाने भी दो यारों’ हे १९८३ चे दोन अगदी भिन्न प्रकृतीचे चित्रपट त्यांनी संकलित केले. एक गुदमरवून टाकणारा, दुसरा पोट धरून हसविणारा. संकलनाचे राष्ट्रीय पारितोषिक त्यांना चार वेळा मिळाले. २००० मध्ये त्या अकालीच गेल्या. जी मुलगी ‘हे मुलांचे यंत्राचे काम’ म्हणून मागे सरते, तिला आम्ही हे नाव सांगतो.

आता आमच्या स्वतःच्या धडपडीविषयी. शाळेत चित्रफितींचे एक लहान मंडळ आम्ही चालवितो. साधने म्हणजे पालकांचे दोन मोबाईल फोन आणि संगणक-कक्षातील एक संगणक. मागील वर्षी मुलांनी अनंत चतुर्दशीच्या झांक्यांवर चित्रफीत करावयाचे ठरविले. इंदूरबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगावयास हवे. येथील कापड-गिरण्यांचे कामगार गणेशविसर्जनाच्या रात्री रोषणाईचे हलते देखावे रस्त्यावरून मिरवीत नेत. हुकूमचंद, मालवा, राजकुमार, कल्याण, स्वदेशी अशी मिलमिलची चढाओढ असे. गिरण्या आता बंद आहेत. हुकूमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली आणि तिच्या कामगारांची देणी फिटावयास पुढे तीस वर्षांहून अधिक काळ लागला. झांक्या मात्र अजूनही निघतात, आणि सारे शहर रात्रभर रस्त्यावर असते.

मुलांनी जेल रोडवर उभे राहून तीन तासांवर चित्रण आणले. पैकी नव्वद टक्के दिवेच दिवे! पाहून पाहून डोळे दिपले, पण काही लागेना. त्यातच अकरा सेकंदांचा एक तुकडा निघाला. फुटपाथच्या कडेला एक वृद्ध गृहस्थ उभे आहेत, डोक्यावर टोपी, हातात पिशवी. चेहऱ्यावर लाल-निळा उजेड येतो-जातो, आणि ते काही न बोलता एकटक पाहत आहेत. हुकूमचंदची झांकी तेव्हा समोरून चालली होती.

आमचा नियम असा की, कोणताही तुकडा तोडण्यापूर्वी का तोडतो ते वहीत एका ओळीत लिहावयाचे. मंडळातील एका मुलीने लिहिले, “आजोबांना आपली मिल आठवते.” तिने दुसऱ्या दिवशी जाऊन मिलच्या बंद दरवाजाचे आणि भिंतीतून उगवलेल्या पिंपळाचे चित्रण करून आणले आणि ते त्या चेहऱ्याच्या आधी जोडले. आम्ही पाहिले आणि खरे सांगतो, आमचा कंठ दाटून आला. वर्गात कोणी बोलेना. मग एका मुलाने खोडी म्हणून दरवाजाच्या जागी झांकीतला नाचणारा माकड-देखावा जोडला, तर तेच आजोबा खुदकन हसण्याच्या बेतात असलेले दिसू लागले. कुलेशोवचा प्रयोग पुस्तकात शिकविण्याचे आमचे श्रम वाचले. तो आमच्या संगणक-कक्षातच होऊन गेला.

येथेच थांबलो असतो तर धडा पुरा झाला असता. पण त्या मुलीच्या मनात एक शंका राहिली. तिने विचारले, “सर, आजोबा मिलमध्ये होते हे आपल्याला कुठे ठाऊक आहे?” आमच्यापाशी उत्तर नव्हते. वस्तुतः हा प्रश्न आम्ही आधी विचारावयास हवा होता. कंठ दाटल्यामुळे तो सुचला नाही, हे कबूल करणे भाग आहे. एका विद्यार्थ्याच्या काकांनी त्या गृहस्थांस ओळखले. ते परदेशीपुऱ्यात राहतात असे कळले, आणि एका रविवारी चार मुलांना घेऊन आम्ही तेथे गेलो.

त्यांनी संगणकावर दोन्ही जोडण्या पाहिल्या. दरवाजाची पाहून थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “अगं पोरी, मी मिलमध्ये होतो हे खरं. साचेखात्यात बावीस वर्षं. पण त्या वेळी मी मिलचा विचार करत नव्हतो. नातू माझा हात सोडून पुढे पळाला होता, त्याला शोधत होतो. जीव नुसता टांगणीला लागला होता माझा.”

मुलीचा चेहरा उतरला. एवढी सुंदर जोडणी आणि ती खोटी! मंडळात त्यावर दोन दिवस वाद झाला. काही मुलांचे म्हणणे असे की, आजोबा मिलमध्ये होते, मिल बंद पडली, मग खोटे ते काय? दुःख त्यांचे आहेच. त्या क्षणी नसेल इतकेच. दुसऱ्या बाजूचे म्हणणे, कथाचित्रात मोझुखिनला काहीही वाटावयास लावा, तो नट आहे. रस्त्यावरच्या माणसाचा चेहरा त्याचा स्वतःचा असतो. आम्ही स्वतः दुसऱ्या बाजूचे होतो, पण पहिल्या बाजूचा युक्तिवाद पोकळ होता असे म्हणवत नाही. ‘शोले’मध्ये मुंगळा आणि घोडा यांमधली जागा आपण भरतो, तेव्हा कोणाचेच नुकसान होत नाही. येथे ती जागा भरली तर आजोबांच्या तोंडी आपले वाक्य जाते, आणि ते खोडून काढावयास पडद्यावर त्यांना संधी नसते.

शेवटी निर्णय त्या मुलीनेच घेतला. तिने तीन तासांचे चित्रण पुन्हा पहिल्यापासून पाहिले आणि दोन झांक्यांमधल्या गर्दीत, कोणाच्या तरी खांद्याआड, पिपाणी वाजवीत उभा असलेला एक पोर शोधून काढला. आजोबांस तो दाखविला. नातू तोच होता. आता चित्रफितीत आधी अकरा सेकंद आजोबांचा चेहरा आहे, मग चार सेकंद पिपाणीवाला. स्नेहसंमेलनात ती दाखविली तेव्हा लोक मनापासून हसले. दरवाजा आणि पिंपळ त्यात नाहीत.

निघताना आजोबा दारापर्यंत आले होते. म्हणाले, “मिलचं विचारायचं असेल तर सवडीनं या. तेही सांगीन.” दिवाळीनंतर मुले पुन्हा गेली. साचे, पाळ्या, भोंगा, झांकी बांधण्यासाठी जागविलेल्या रात्री, मिल बंद झाली तो दिवस. आजोबा दोन तास सात मिनिटे बोलले आहेत. ते सारे सध्या संगणकावर आहे. पिंपळाचे चित्रण त्याच्याशेजारी ठेवले आहे, आणि वहीतील ओळ अजून कोरी आहे.